दुसऱ्या रांगेतलं बाळ

“विमानात बाळं असू देत, माझं काही म्हणणं नाही. पण या भागात कशाला?”

हे वाक्य माझं नव्हे. मधली वाट सोडून पलीकडे बसलेल्या खेतान नावाच्या गृहस्थांचं. पण मी त्यावर हसून मान हलवली, म्हणजे ते माझंही झालं. सिंगापूरच्या विमानतळावर सकाळचे पावणेआठ वाजले होते. विमानाचं दार अजून उघडं होतं, मागच्या भागात माणसं सामान वर कोंबत होती, आणि माझ्या पुढच्या रांगेत आठ महिन्यांचं एक बाळ जिवाच्या आकांताने रडत होतं.

“माणूस बिझनेस क्लासचं तिकीट कशासाठी काढतो?” खेतान मला इंग्रजीत विचारत होते. “जेवणासाठी? जेवण घरी चांगलं मिळतं. शांततेसाठी काढतो. बारा वर्षांखालच्या मुलांना इथे बंदीच हवी.”

“खरं आहे,” मी म्हणालो.

“आपण काय करता?”

“कॉलेजात शिकवतो.”

हे खोटं नव्हतं. मी शिकवतो. फक्त काय शिकवतो ते सांगितलं नाही. मी लहान मुलांचा सर्जन आहे. तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो, पुण्यात नाव होतं, आणि विमानाच्या तिकिटावर मी कधीच ‘डॉ.’ लावत नसे. आमच्या पेशातली ही जुनी युक्ती. नावापुढे डॉक्टर दिसलं की हवाईसेविका हक्काने उठवायला येते. कुणाला चक्कर, कुणाला दारू चढलेली. एकदा सात तासांच्या प्रवासातले पाच तास मी एका आजोबांचा हात धरून बसलो होतो. त्यानंतर ठरवून टाकलं की जमिनीवर दातीर डॉक्टर आणि आभाळात नुसते श्रीयुत दातीर. आमच्यातले निम्मे लोक हेच करतात आणि पार्टीत एकमेकांना हसत हसत सांगतात.

त्या दिवशी तर मला झोप हवीच होती. चार दिवसांची परिषद झाली होती. मुंबईला अकराला उतरून गाडीने पुणं गाठायचं होतं, आणि संध्याकाळी पाच वाजता तीन दिवसांच्या एका बाळाची अन्ननलिका जोडायची होती. म्हणजे मी एका बाळासाठीच झोप मागत होतो. स्वतःला मी हे असंच सांगितलं, आणि मला ते फार पटलं.

बाळाला घेऊन बसली होती ती साठीची एक बाई. हिरवी काठापदराची साडी, वर विमानात थंडी वाजू नये म्हणून मुलाचा असावा असा जाडजूड कोट. त्या प्रशस्त खुर्चीत ती कडेला, अवघडून, देवळाच्या पायरीवर बसावं तशी बसली होती. बाळाला थोपटत ती एकटीच बोलत होती, “गप माझ्या बाळी, गप. आलंच बघ गाव. गप.” बोली कोल्हापूरकडची होती. मराठी कानावर पडल्यावर खरं तर बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, आता ही ओळख काढणार.

बाळ थांबलं. केबिनमध्ये सगळ्यांनी श्वास सोडला. मी डोळ्यांवर पट्टी ओढली. दहा-बारा मिनिटं गेली असतील, पुन्हा तीच किंकाळी, एकदम वरच्या पट्टीतली.

खेताननी बटण दाबलं.

मुख्य हवाईसेविका आली. मिस टॅन असं तिच्या छातीवर लिहिलं होतं. खेताननी तिला आपलं मत पुन्हा एकदा, जरा मोठ्या आवाजात ऐकवलं. तिने शांतपणे उत्तर दिलं, “सर, बाळांना इथे बसायची परवानगी आहे. त्यांचं तिकीट या जागेचंच आहे.”

“पण त्या बाळाचीसुद्धा इथे सोय नाही,” मी पट्टी वर करून म्हणालो. “मागच्या भागात भिंतीला लावायचा पाळणा असतो ना? तिथे त्याला आडवं तरी होता येईल. आजीलाही बरं पडेल.”

मी हे असं बोललो. बाळाच्या काळजीच्या आवाजात. खेताननी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

मिस टॅननी बाईंशी इंग्रजीत बोलून पाहिलं. बाई नुसती मान हलवत होती. मग मिस टॅन माझ्याकडे वळली. “सर, तुम्हाला त्यांची भाषा येते का? कृपा करून एवढं विचाराल? बाळ आजारी आहे का, औषध चालू आहे का. आजारी असेल तर मला आताच, दार बंद व्हायच्या आत कॅप्टनना सांगावं लागेल. मग त्यांना उतरवून विमानतळावरच्या दवाखान्यात दाखवतील. त्यांचं सामानही काढावं लागेल. तास-दीड तास जाईल, पण तसा नियम आहे.”

तास-दीड तास. मी पट्टा सोडला आणि उठून पुढच्या रांगेशी गेलो.

“मावशी, कुठल्या तुम्ही?”

त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजही डोळ्यांसमोरून पुसू शकत नाही. परक्या गर्दीत हरवलेल्याला घरचं माणूस दिसावं तसं.

“अवो, तुमी मराठी! गडहिंग्लजच्या अलीकडं गाव हाय आमचं. हौसाबाई चौगुले. माझा ल्योक हितं नोकरीला, रणजित. सून बी आता नोकरीला लागली, म्हणून ह्या आठ म्हैन्याच्या नातीला मी नेतो वरीसभर सांबाळाय. त्येनंच ही मोठी खुर्ची काढून दिली, आई निवांत जा म्हटला. काय निवांत! बघताय न्हवं.”

“का रडतेय एवढी?”

“काल दुपारधरनं असंच चाललंया सायेब. उगंच रडत न्हाई ती. एकदम कळ आल्यागत वरडती, पाय पोटाशी घेती, पांढरीफट पडती. मग आपोआप गप. दमून पडती. वाटतं झालं बरं, की परत. दूध पाजलं की वकून टाकती, सकाळी तर हिरवंच पाणी पडलं. मी सुनंला म्हटलो, ह्ये काय साधं न्हाई. ती म्हटली, आई, दात येत्यात. आणि रणजित म्हटला, आईला सोडून निगालीया, त्ये लेकराला कळतंया. आसंल बाबा. पर मला काय त्ये बरं वाटंना.”

हे सगळं तिने मला सांगितलं. एक शब्दही न गाळता. मी वीस वर्षं तिसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर जे लिहून देत होतो, ते त्या बाईने चढत्या क्रमाने, माझ्या पुस्तकाहून चांगल्या भाषेत सांगितलं. थांबून थांबून येणारी कळ, पोटाशी घेतलेले पाय, पांढरा चेहरा, हिरवी उलटी, आणि वय आठ महिने. आतड्यात आतडं शिरतं. वेळेत कळलं तर पुष्कळदा सुरीसुद्धा लावावी लागत नाही. परीक्षेत एखाद्याला एवढ्यावरून ओळखता आलं नाही तर मी त्याला नापास करत असे.

लोक विचारतील, मग तुम्ही ओळखलं होतं की नव्हतं? मीही विचारतो. ओळखलं असं म्हणवत नाही, आणि नाही ओळखलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. मी त्या बाळाकडे पाहिलंच नाही, एवढं खरं. हात लांब केला असता तर पोटावर पोहोचला असता. माझा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

“ती काय इचारतीया?” हौसाबाईंनी मिस टॅनकडे पाहत विचारलं.

“काही नाही. मागे पाळणा आहे म्हणतात. बाळाला नीट झोपवता येईल. तुम्ही मागे जाऊन बसा.”

“व्हय का? इतक्या लोकास्नी तरास हुतोय, मलाच कसंतरी व्हायलंय. जातो की मागं.”

मी मिस टॅनकडे वळलो. “बाळ आजारी नाही,” मी इंग्रजीत म्हणालो. “आईला सोडून आलीय, त्यामुळे रडतेय. आजी मागे जायला तयार आहेत.”

“नक्की ना सर?”

“नक्की.”

मिस टॅननी हसून आभार मानले आणि बाईंची पिशवी उचलली. हौसाबाई माझ्यापाशी थांबल्या. “लई उपकार झालं सायेब, आपल्या माणसागत बोलला.” त्यांच्या खांद्यावर ती मुलगी होती. शांत होती त्या घटकेला. मिटलेले डोळे, ओठांभोवती घाम. मग पडदा ओढला गेला. थोड्या वेळाने दारही बंद झालं.

“झकास काम केलंत,” खेतान म्हणाले. “भाषा कामाला येते.”

मी कानांत मेणाचे बोळे घातले आणि झोपलो. गाढ झोपलो, हे सांगितलंच पाहिजे.

जाग आली ती कुणीतरी खांदा हलवत होतं म्हणून. मिस टॅन होती. तिच्या मघाच्या हसऱ्या चेहऱ्याचा मागमूस नव्हता. मी बोळे काढले.

“सर, माफ करा. तुम्हाला पुन्हा त्रास देते. विमानात डॉक्टर आहे का म्हणून आम्ही तीनदा विचारलं, कुणीच नाही. मागचं ते बाळ... आजीबाई काहीतरी सांगतायत, आम्हाला कळत नाही. तुम्ही जरा येता का?”

डॉक्टर म्हणून नव्हे, दुभाषा म्हणून मला बोलावलं होतं. मी तिच्यामागून चालत गेलो. अठ्ठावीस-तीस रांगा असतील. रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान देत होतो. आवाज नव्हता. न रडणाऱ्या बाळाची भीती कशी असते ते माझ्या पेशातल्या माणसांना ठाऊक आहे.

भिंतीला पाळणा लावलेला होता. हौसाबाई त्याच्याशी उभ्या होत्या, एका पायावर भार देऊन, जणू किती वेळ उभ्या आहेत याचं भानच नव्हतं. मला पाहून म्हणाल्या, “आता तर रडत बी न्हाई वो. हाक मारली तर बगत न्हाई. आणि ह्ये बघा.” त्यांनी लंगोट दाखवला. त्यावर जे होतं त्याला आमच्या पुस्तकांत जेलीची उपमा देतात. लाल, चिकट.

मी पोटावर हात ठेवला. उजवीकडे वर, बोटांखाली तो गोळा लागला. वीस वर्षांत कितीतरी वेळा लागलेला. पोट फुगलं होतं. नाडी मोजवत नव्हती.

“मी डॉक्टर आहे,” मी म्हणालो. “लहान मुलांचा सर्जन.”

मिस टॅननी माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जो प्रश्न आला तो मी वाचला आणि नजर खाली घेतली.

मुंबई पन्नास मिनिटांवर होती. मध्ये कुठे उतरून काही मिळणार नव्हतं. कॅप्टनने खाली कळवलं, आमचं विमान आधी उतरवलं. विमानातल्या औषधांच्या पेटीत जे होतं त्यातून मी सुई शोधली, एवढ्याशा शिरेत ती घातली, सलाइन चालू केलं. माझे हात अजिबात थरथरले नाहीत. माझ्या हातांबद्दल मला तेव्हापासून किळस आहे.

“वाचंल न्हवं?” हौसाबाई सारखं विचारत होत्या. “सायेब, तुमी डाक्टर हाय म्हणजे देवच धाडला बघा. वाचंल न्हवं माझी आर्वी?”

नाव मला तेव्हा कळलं.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात माझी जुनी विद्यार्थिनी होती, नसरीन. ती थिएटर तयार ठेवून उभी होती. आम्ही दोघांनी मिळून पोट उघडलं. आतडं हातभर काळं पडलेलं होतं. नसरीन मास्कच्या आडून म्हणाली, “सर, सकाळी मिळायला हवी होती ही. सकाळी नुसती खालून हवा भरूनसुद्धा आतडं सुटलं असतं.” तिने ते सहज म्हटलं, आम्ही टेबलाशी म्हणतो तसं. मी “हं” म्हणालो.

पुण्यातल्या त्या अन्ननलिकेचं ऑपरेशन माझ्या सहकाऱ्याने केलं. उत्तम केलं. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

आर्वी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेली. मी तिथेच होतो, घरी गेलोच नव्हतो. रुग्णालयात सगळे माझं कौतुक करत होते की प्रवासातल्या अनोळखी पोरीसाठी सर रात्रभर बसले. नर्सने चहा आणून दिला. मी तो प्यायलो.

रणजित आणि त्याची बायको मिळेल त्या विमानाने आले, पण बाळ गेल्यावर तासाभराने पोहोचले. सून आत गेली. रणजित बाहेर माझ्यापाशी आला. तिशीतला मुलगा, दाढी वाढलेली, हातात अजून विमानतळावरची ट्रॉली बॅग. हौसाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी आदल्या दिवसापासून पाणीही घेतलं नव्हतं.

त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं ते एवढंच की विमानात एक केस झाली, वाचली नाही. ऑपरेशन करणं मी तीन वर्षांनी सोडलं, पाठीचं कारण देऊन. शिकवणं चालू आहे. तो धडा आला की मी दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगतो. विमानात बसतो तेव्हा नावापुढे ‘डॉ.’ लावतो, आणि कुणीही मला उठवायला येत नाही. कुठे बाळ रडलं की माणसं माझ्या शेजारीच कुरकुरतात, इकडे मुलं कशाला आणतात म्हणून. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मी उठून त्या बाळापाशी जातो, आईला नाही नाही ते प्रश्न विचारतो, आया घाबरतात. एकदा एकीने हवाईसेविकेला बोलावून माझी तक्रार केली. बरोबरच होतं तिचं. आर्वीचं रडणं मला ऐकू येत असेल असं कुणाला वाटेल. ते येत नाही. मला ऐकू येतं ते दुसरंच.

रणजित माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

“सर, तुम्ही जे केलंत...” मग सावरून म्हणाला, “एकच विचारायचंय. तुम्ही रागावू नका. डॉक्टर बाई म्हणाल्या की सकाळी कळलं असतं तर काही करता आलं असतं. आई म्हणते, विमान सुटायच्या आधी तुम्ही तिच्याशी बोलला होतात. तुम्हीच तिला मागे पाळण्याची सोय करून दिलीत. तेव्हा आईनं तुम्हाला काय सांगितलं होतं बाळाबद्दल?”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला उत्तर हवं होतं, पण दोष द्यायला कुणीतरी जास्त हवं होतं. त्याने स्वतः ‘आईला सोडून निघालीय म्हणून रडते’ म्हटलं होतं आणि ते त्याला आत कुठेतरी कुरतडत होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या एका वाक्याने हे सगळं सुटलं असतं. तुझ्या आईने सगळं सांगितलं होतं. मीच सांगितलं नाही. एवढंच वाक्य. मी ते मनात तयारही केलं होतं, रात्रभर.

नसरीन जवळ उभी होती. दोन शिकाऊ डॉक्टर होते. नर्स होती.

“रडतेय म्हणाल्या,” मी बोललो. “एवढंच.”

“उलटीचं नाही सांगितलं? पाय पोटाशी घेत होती ते?”

“नाही.”

रणजित बाकाकडे वळला. “आई?”

हौसाबाईंनी मान वर केली. आधी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेतला असता, त्याची मी वाटच पाहत होतो. राग नव्हता. आदल्या दिवशी विमानात मी “मावशी” म्हटल्यावर होती तशीच ती नजर होती, फक्त थकलेली. आणि मला कळलं की यांना सगळं कळलंय. मिस टॅनने काय विचारलं असेल, मी काय सांगितलं असेल, आणि मी कोण होतो.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “सायेब म्हणत्यात त्ये खरं हाय. मी तेवढंच बोललो.”

“तोंड उघडायचं होतंस ना आई!” रणजित ओरडला. पॅसेजमधले लोक वळून पाहू लागले. “समोर मुलांचा डॉक्टर उभा होता! आपल्या भाषेत विचारत होता! सगळं सांगायचं होतंस त्यांना!”

म्हातारीने पदर सारखा केला.

“चुकलं बाबा माझं,” ती म्हणाली. “मी सांगाय पायजे हुतं.”